‘पुढील आदेशापर्यंत’ थांबलेल्या रुग्णांसाठी : सरकारी रुग्णालयांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते, सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, तसेच सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांचे सचिव

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

२० मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना कळवले की तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात. तो निर्णय त्या वेळी योग्यच होता. खाटा, प्राणवायू, व्हेंटिलेटर, भूलतज्ज्ञ, सगळेच कोविडकडे वळवावे लागणार होते. संसर्ग झालेल्या माणसाला भूल दिली तर फुफ्फुसांचे काय होईल, हेही तेव्हा नीट ठाऊक नव्हते. त्यामुळे या पत्रात त्या निर्णयाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर जे करायचे राहून गेले त्याबद्दल. ओटी (शस्त्रक्रियागृह) थांबली, पण यादीतल्या माणसांना काय सांगायचे, कोणी सांगायचे आणि किती दिवसांनी पुन्हा सांगायचे, हे अनेक ठिकाणी कोणाच्याच कामात बसत नव्हते. फाटकावर ‘पुढील आदेशापर्यंत नियोजित शस्त्रक्रिया बंद’ असा कागद लागला आणि तोच रुग्णांना मिळालेला शेवटचा निरोप ठरला.

आम्ही शस्त्रक्रिया विभाग, भूलशास्त्र, मानसोपचार, परिचर्या आणि रुग्णालयीन समाजसेवा या कामांतली माणसे आहोत. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण ओटीच्या याद्या पुन्हा थांबणार हे नक्की. साथीने थांबतील, संपाने थांबतील, पुराच्या पाण्याने थांबतील. तेव्हा काय करायचे ते आत्ताच ठरवून ठेवावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

आधी आकार लक्षात घ्यावा. कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक गटाने मे २०२० मध्ये अंदाज मांडला होता की सर्वाधिक अडचणीच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील. भारताचा वाटा सुमारे ५ लाख ८० हजारांचा होता. याच अभ्यासाने असेही सांगितले की कामाचा वेग नेहमीपेक्षा २० टक्क्यांनी वाढवला तरी ही थकबाकी फेडायला मधल्या हिशेबाने ४५ आठवडे लागतील. आपल्याकडे तर अडचण १२ आठवड्यांवर थांबलीच नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि तिच्या पाठोपाठ काळ्या बुरशीच्या रुग्णांनी कान-नाक-घसा, नेत्र आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांची टेबले भरली. सप्टेंबर २०१९ मध्ये नंबर लावलेला हर्नियाचा माणूस या सगळ्यांच्या मागे उभा होता.

त्या माणसाच्या मनात काय चालते ते समजून घेतले नाही तर पुढच्या सूचना नुसत्या कागदी वाटतील. शस्त्रक्रियेची भीती तारखेला बांधलेली असते. तारीख जवळ येते तशी ती वाढते, शस्त्रक्रिया झाली की उतरते. घर त्या तारखेभोवती उभे राहते : रजा टाकली जाते, सोबतीला राहायला बहीण सासरहून येते, म्हैस शेजारी सोपवली जाते, दोन रक्तदाते तयार ठेवले जातात, आधार आणि रेशनकार्डावरच्या नावातला फरक तहसील कचेरीत खेटे घालून दुरुस्त केला जातो. तारीख गेली की हे सगळे विस्कटते. भीती मात्र तशीच राहते, आता तिला उतरायला जागा नसते.

मग रुग्ण स्वतःच कारण शोधतो. ‘आता करून उपयोग नाही, म्हणून डॉक्टर टाळतायत.’ ‘आपला वशिला नाही, आपल्या मागून आलेल्यांचे झाले.’ ‘आपला कागदच हरवला असेल.’ ओपीडीत हीच तीन वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पहिल्यातून निराशा येते, दुसऱ्यातून संताप. तिसरे मात्र पुष्कळदा खरेच असते, आणि ते का खरे असते हे आपल्या रुग्णालयांच्या कामकाजात पाहावे लागेल.

बहुतेक सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेची ‘यादी’ अशी एक वस्तू नसते. युनिटनिहाय, म्हणजे डॉक्टरांच्या प्रत्येक तुकडीचे वेगळे, कामकाज असते. तारीख केस पेपरवर पेनाने लिहिलेली असते आणि तिची दुसरी नोंद निवासी डॉक्टरच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये असते. केस पेपर रुग्णाबरोबर घरी जातो. निवासी डॉक्टर बदलतात, तिसऱ्या वर्षाचे परीक्षा देऊन निघून जातात आणि त्यांच्याबरोबर ती वहीही जाते. कागदावरचा फोन नंबर बऱ्याचदा पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा असतो, आणि टाळेबंदीत गावी परतलेल्यांनी सिमकार्डच बदललेले असते. इकडे भुलेचे फिटनेस, म्हणजे भूल देता येईल असा दाखला, जुने होते. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, इको पुन्हा करावे लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतलेली मंजुरी कालबाह्य होते आणि आरोग्यमित्राकडे नव्याने अर्ज करावा लागतो. सात महिन्यांनी रुग्ण येतो तेव्हा खिडकीवर ऐकतो : ‘नवीन केस पेपर काढा.’ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अनेक जण तिथूनच परत फिरतात आणि आपण त्यांच्या नावापुढे ‘रुग्ण आला नाही’ असे लिहितो.

कोणत्या रुग्णांवर याचा सर्वांत खोल परिणाम होतो याबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. कर्करोगाची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण ‘किरकोळ’, ‘थांबू शकेल’ अशा खान्यात टाकलेल्या काही शस्त्रक्रिया माणसाला घरातल्या घरात वाळीत टाकतात.

तात्पुरती स्टोमा बंद करण्याची शस्त्रक्रिया घ्या. आतड्याचे तोंड पोटावर आणून पिशवी लावलेली असते आणि साधारणपणे ८ ते १२ आठवड्यांनी ते परत जोडतात. साथीत हे काम सगळ्यात मागे गेले. वैद्यकीय दृष्टीने जीव धोक्यात नव्हता. पण तो माणूस पंगतीला बसत नाही, एसटीत चढत नाही, देवळात जात नाही, नवरा-बायको वेगळे झोपतात, आणि पिशवीला वास येतो या धास्तीने तो दिवसातून एकदाच जेवतो. यातले बरेचसे दुःख आपण शस्त्रक्रियेविना कमी करू शकलो असतो. स्टोमा पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत आक्रसतो. पिशवीच्या तळपट्टीला पहिल्या आठवड्यात कापले तेवढेच भोक नंतरही कापत राहिले तर ते मोठे पडते, कडेने गळते आणि लहान आतड्याच्या पाचकरसाने कातडी भाजून निघते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे, माप दर आठवड्याला घ्यावे, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. एवढे एका परिचारिकेने फोनवर नीट समजावले तरी गळणे पुष्कळ कमी होते, आणि गळायचे थांबले की माणूस घराबाहेर पडतो. लहान आतड्याचा स्टोमा दिवसाला दीड लिटरहून जास्त वाहू लागला तर पाणी-क्षार कमी होऊन गळून गेल्यासारखे, उदास वाटते. तिथे आधी ओआरएस आणि सोडियमची तपासणी हवी, नैराश्याची गोळी नव्हे. पिशव्यांचा पुरवठा बंद पडून साध्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधायची वेळ रुग्णांवर येते, तेव्हा ती बाब औषध भांडारप्रमुखाने अधिष्ठात्यांपर्यंत त्याच दिवशी न्यायला हवी.

दुभंगलेल्या ओठाचे बाळ हे दुसरे उदाहरण. ओठाची शस्त्रक्रिया साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात आणि टाळूची ९ ते १८ महिन्यांत करतात. टाळूची शस्त्रक्रिया लांबली की बोलणे नाकात राहते. पण त्याही आधी आईचे मन मोडलेले असते. ‘ग्रहणात भाजी चिरली असशील’ हे वाक्य तिला घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ऐकवलेले असते. शस्त्रक्रिया वेळेवर झाली की त्या बोलण्याला पूर्णविराम मिळतो. न झाली की ती बाळाला पदराखाली घेऊन बसते, बारशाला लोक बोलावत नाही, लसीकरणालाही नेत नाही. अशा आईला डॉक्टरांनी सासूच्या देखत सांगायला हवे की याचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही आणि उशिरा केली तरी शस्त्रक्रिया होते. बाळाला अर्धवट बसते धरून पळीने दूध कसे पाजायचे तेही त्याच भेटीत दाखवावे. बाळाचे वजन वाढू लागले की आईला आपण काहीतरी करतोय असे वाटते, आणि तेवढ्याने ती सावरते.

गुडघ्याच्या सांधेबदलासाठी थांबलेल्या आजी वेगळ्याच फासात सापडतात. रात्री दुखते, म्हणून झोप नाही. झोप नाही, म्हणून मन खचते. मन खचले की तेच दुखणे दुप्पट जाणवते. मग मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणून रोज घेतली जाते, कोणीतरी झोपेसाठी अल्प्राझोलाम देतो. सहा महिन्यांनी तारीख येते तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाढलेले, हिमोग्लोबिन उतरलेले, मांडीचे स्नायू सुकलेले. फिटनेस मिळत नाही आणि तारीख पुन्हा जाते. अल्प्राझोलाम अनेक महिने रोज घेणाऱ्याची गोळी भरती झाल्यावर एकदम बंद झाली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. भूलतज्ज्ञाला हे आधी कळायलाच हवे. वाट पाहताना दारू वाढलेल्यांचेही तसेच : भरती झाल्यावर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरू लागतात, माणूस बरळू लागतो, आणि सर्जनला वाटते की शस्त्रक्रियेतच काही बिघडले.

कर्करोगाबद्दल प्रशासनाने एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार शस्त्रक्रियेला दर ४ आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. नियोजन हाताळणाऱ्यांना हा आकडा पाठ असावा, रुग्णाच्या तोंडावर मात्र तो फेकू नये. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया लांबणार म्हणून मधल्या काळासाठी गोळ्या किंवा केमो दिली गेली. पण ‘ऑपरेशन नाही, गोळ्या देतायत’ याचा अर्थ घराघरांत ‘आता हाताबाहेर गेले’ असाच लावला जातो. गोळ्या कशासाठी, किती आठवडे, त्यानंतर काय, आणि कोणते लक्षण दिसले तर तारखेची वाट न पाहता यायचे, हे चार मुद्दे लिहून हातात दिले पाहिजेत. काळजी घेऊन काम चालू ठेवता येते याचा दाखला मुंबईतच आहे : टाटा मेमोरियल रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही.

आता कामाचे बोलू.

पहिली गरज एका यादीची आहे. प्रत्येक रुग्णालयाची एकच यादी, युनिटच्या वहीबाहेर. महागडी संगणकप्रणाली येईपर्यंत थांबू नये, एक्सेलचे साधे पान पुरते. रकाने नऊ : नोंदणी क्रमांक, निदान, प्राधान्य गट, यादीत आल्याची तारीख, दोन फोन नंबर (एक घरातला, एक घराबाहेरच्या विश्वासू माणसाचा), शेवटचा संपर्क, पुढच्या संपर्काची तारीख, न जमणारे महिने, आणि मनःस्थितीचे गुण. यातला आठवा रकाना अनेकांना अनावश्यक वाटेल. पण बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो तो उन्हाळ्यातच परततो, त्याला जानेवारीची तारीख देणे म्हणजे न देणेच. पेरणीच्या आठवड्यात कोरडवाहू शेतकरी येत नाही. अशा माणसाला ‘गैरहजर’ ठरवून यादीच्या तळाला टाकले की त्याला मिळतो तो फक्त अपमान.

प्राधान्य गट उघडपणे सांगावेत. साथीत ब्रिटनच्या शल्यचिकित्सक संघटनांनी एक सोपी वाटणी केली : २४ तासांत, ७२ तासांत, एका महिन्यात, तीन महिन्यांत, आणि तीन महिन्यांहून अधिक थांबू शकणारे. ज्यांना संसर्गाच्या भीतीने स्वतःहून थांबायचे होते त्यांचा पुढे वेगळा गट केला, म्हणजे त्यांची नावे गळणार नाहीत. आपल्याकडे प्रत्येक युनिट मनात अशीच वाटणी करते, पण रुग्णाला ती सांगत नाही. त्याला दिसते ते एवढेच की आपल्या मागून आलेला आत गेला. गट सांगितला आणि कारण सांगितले, तर बहुतेक माणसे समजून घेतात. ओपीडीबाहेर दर सोमवारी नुसते नोंदणी क्रमांक आणि गट लावावेत. नाव, निदान, कोणताही तपासणी अहवाल लावू नये.

दुसरी गरज फोनची. ‘कळवू’ हा शब्द बंद करावा. त्याऐवजी रुग्णाला दोन गोष्टी मिळाव्यात : अंदाजे कालावधी, आणि पुढचा फोन कोणत्या तारखेपर्यंत येईल ते. सांगण्यासारखे नवे काही नसले तरी त्या तारखेला फोन जायलाच हवा. किंबहुना तोच फोन सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपले नाव अजून कोणाच्या तरी पुढ्यात आहे हे त्यातून कळते. हिशेब सोपा आहे. यादीत ४०० रुग्ण असतील आणि एका फोनला सरासरी ८ मिनिटे लागत असतील तर एकूण ३,२०० मिनिटे होतात. महिन्याच्या २० कामकाजी दिवसांत वाटली तर रोजचे २ तास ४० मिनिटे. एक समाजसेवा अधीक्षक आणि मदतीला एक आंतरवासिता डॉक्टर हे काम करू शकतात. ३६ तासांची ड्युटी संपवलेल्या निवासी डॉक्टरवर ते टाकू नये. तो चिडून बोलेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

फोन रुग्णालयाच्या एकाच ठरलेल्या मोबाइल नंबरावरून जावा आणि तो नंबर पहिल्याच भेटीत रुग्णाच्या मोबाइलमध्ये साठवून द्यावा, कारण अनोळखी नंबर लोक फसवणुकीच्या भीतीने उचलत नाहीत. पहिला प्रयत्न दिवसा करावा. लागला नाही तर दुसरा संध्याकाळी सहानंतर, तेव्हा शेतावर किंवा कामावर गेलेला मोबाइल घरी आलेला असतो. तिसरा दुसऱ्या नंबरावर, वेगळ्या दिवशी. तिन्ही निष्फळ झाले तर गावच्या आशाताईंकडे चौकशी करावी. एका फोनवर नाव कापू नये.

एसएमएसवर फार भिस्त नको. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरेच मावतात, त्यात काना-मात्रा-वेलांटीही वेगळ्या मोजल्या जातात. लांब मजकुराचे तुकडे होतात आणि साध्या फोनवर ते उलटसुलट पोचू शकतात. पाठवायचाच तर असा : ‘आपले नाव यादीत आहे. पुढील फोन १५ तारखेपर्यंत येईल.’ हा ७० अक्षरांत बसतो.

फोनवर पहिले वाक्य ‘ऑपरेशनसाठी या’ हे असू नये. आधी ‘पेशंट आता कसे आहेत?’ असे विचारावे. मधल्या काळात माणूस गेलेला असू शकतो, आणि त्याच्या बायकोला रुग्णालयातून हसऱ्या आवाजात तारीख ऐकावी लागणे यासारखा घाव नाही. त्यानंतर दुखणे, झोप, जेवण आणि चालू औषधे विचारावीत. धोक्याची लक्षणे प्रत्येक आजाराची वेगळी आहेत, ती फोनशेजारी लिहून ठेवावीत : हर्निया आत न जाणे, दुखणे आणि उलट्या, पित्ताशयात खडे असणाऱ्याला ताप किंवा कावीळ, गाठीवर जखम, अंगावरून जास्त जाऊन चक्कर येणे. यातले काही असेल तर ‘तारखेची वाट बघू नका, आजच कॅज्युअल्टीत या’ असे स्पष्ट सांगावे. कोणत्या वेळी धाव घ्यायची हे माहीत असलेला माणूस रात्री निवांत झोपतो. पित्ताशयाचे कितीतरी रुग्ण पुढचा झटका येईल म्हणून जेवणच सोडून देतात. त्यांच्याशी आहाराबद्दल पाच मिनिटे बोलणे हा उपचारच आहे.

मनाची विचारपूस कशी करायची, यावर थोडे सविस्तर. ‘टेन्शन येते का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येते. पीएचक्यू या नैराश्य मोजण्याच्या प्रश्नावलीचे पहिले दोन प्रश्न फोनवर विचारता येतात : गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, आनंद वाटत नाही, असे किती दिवस झाले? उदास, निराश किती दिवस वाटले? प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पूर्ण ९ प्रश्न विचारावेत. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर आठवड्याच्या आत मानसोपचार विभागाशी किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाशी भेट ठरवून द्यावी. नुसते ‘दाखवून घ्या’ म्हणू नये. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणे करून द्यावे. बेरीज कितीही असो.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे झोप, भूक आणि थकव्याचे प्रश्न शारीरिक आजारानेही गुण वाढवतात. गर्भाशयातल्या गाठींनी महिनोन्‌महिने रक्त जाणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन सहावर आले असेल तर ती अंथरुणातून उठणार कशी? हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहिल्याशिवाय ‘डिप्रेशन’ लिहू नये, आणि तेवढ्यावरून ते नाकारूही नये. दुसरी चूक शब्दांची. आपल्याकडे माणूस ‘मी निराश आहे’ असे म्हणत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘विचार फार येतात’, ‘छातीत धडधडते’, ‘आता नको वाटते’, ‘सुटका झाली तर बरी’ असे म्हणतो. शेवटची दोन वाक्ये कोणी सहज बोलल्यासारखी बोलला तरी तिथे थांबून सरळ विचारावे : ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटे ठेवू नये, घरातल्या एका माणसाला त्याच फोनवर घ्यावे आणि घरातली कीटकनाशके व जादाची औषधे कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला सांगावे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तो प्रत्येक केस पेपरवर छापावा.

हे काम आशाताईंना नवे नाही. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात त्यांनी घरोघर अशी चाचपणी केलेली आहे. शस्त्रक्रियेच्या यादीतली नावे त्यांच्यापर्यंत पोचवणे एवढाच दुवा जोडायचा आहे. आणि त्या कामाचा मोबदला वेगळा द्यायचा आहे, हेही इथेच लिहून ठेवतो.

मनःस्थितीचे गुण जास्त आले म्हणून शस्त्रक्रिया आपोआप आधी करावी, असे आमचे म्हणणे नाही. तसे केले तर गाठ वाढत असलेला अबोल माणूस मागे पडेल. मात्र एकटे राहणारे, ज्यांची रोजी त्या शस्त्रक्रियेवर अडली आहे असे, आणि जीव देण्याचे विचार येणारे, यांचा प्राधान्य गट युनिटप्रमुखाने पुन्हा तपासावा. उलट बाजूचा धोका अधिक खरा आहे : ‘सायकियाट्रीची केस आहे’ असे म्हणून शस्त्रक्रियाच टाळणे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या माणसाला इतर रुग्णांच्या बरोबरीनेच उपचार मिळाले पाहिजेत. नैराश्याच्या गोळ्या चालू असणे हे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. त्या गोळ्या भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बंदही करू नयेत.

थांबण्याच्या काळात रुग्णाच्या हाताला काही काम द्यावे. तंबाखू, मिश्री, विडी किमान चार आठवडे आधी बंद. तीन छोट्या चेंडूंच्या यंत्राने (स्पायरोमीटर) श्वासाचा व्यायाम. सांधेबदलवाल्यांना मांडी आवळून धरण्याचा व्यायाम, खुर्चीत बसल्या बसल्या. लोहाच्या गोळ्या, साखरेवर नियंत्रण. शस्त्रक्रियेसाठी शरीर तयार होते ते तर आहेच. पण ज्याच्या हातात तारीख नाही, त्याच्या हातात रोजची वीस मिनिटे असतात, आणि पुढच्या फोनवर त्याला सांगण्यासारखे काही असते.

ऐनवेळी रद्द होण्याबद्दल. हलके जेवण सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करणे पुरेसे असताना रुग्णाला रात्री दहापासून कोरडे ठेवले जाते, आणि दुपारी तीनला ‘आज होणार नाही’ असे मावशी सांगते. टेबलावर शेवटचे दोन रुग्ण होणार नाहीत हे बहुतेक वेळा सकाळी अकरालाच दिसत असते. तेव्हाच सांगावे, शल्यचिकित्सकाने स्वतः खाटेपाशी येऊन सांगावे, चहा-नाष्टा द्यावा, आणि नवी तारीख लिहिल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये. एकदा रद्द झालेल्याचे नाव पुढच्या यादीत पहिले हवे. दुसऱ्यांदा रद्द करायचे तर युनिटप्रमुखाची सही लागावी. साथीत स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून वॉर्डातून परत पाठवलेल्यांना कारण सांगितले गेले नाही, हीदेखील मोठी चूक होती. मार्च २०२१ मध्ये १ लाख ४० हजारांवर रुग्णांच्या अभ्यासातून कळले की संसर्गानंतर ७ आठवडे थांबले तर शस्त्रक्रियेतला वाढीव धोका बहुतांशी ओसरतो. ‘७ आठवडे तुमच्या फुफ्फुसांसाठी थांबतोय’ हे वाक्य माणसाला धीर देते. नुसते ‘पॉझिटिव्ह आहे, घरी जा’ हे त्याला अस्पृश्य करून टाकते.

यादी पुन्हा सुरू होते तेव्हा ओपीडीत त्या दिवशी समोर उभ्या असलेल्यांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. पहिले दोन आठवडे तसे करू नये. जुन्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करून पाहावे : हयात आहे का, दुसरीकडे शस्त्रक्रिया झाली का, आजार वाढला का, अजून करायची आहे का. सावकाराकडून पैसे उचलून खासगीत शस्त्रक्रिया केलेलेही सापडतील. त्यांची नोंद ठेवावी, कारण आपल्या थांबण्याची किंमत तिथे दिसते. ज्यांना येता येते त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस फिटनेस, रक्त तपासणी आणि आरोग्यमित्र एकाच मजल्यावर बसवावेत. संमतीपत्र नव्याने घ्यावे, जुन्या सहीवर भागवू नये. नवीन केस पेपर मागू नये, जुनाच चालू धरावा. मोतीबिंदूच्या बाबतीत केंद्राने २०२२ ते २०२५ या तीन वर्षांसाठी २७० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठेवून मोहीम आखली. तशीच जिद्द हर्निया, स्टोमा, टाळू आणि गर्भाशयाच्या रुग्णांसाठी का नसावी?

आपल्याकडून आम्हाला तीन गोष्टींचे उत्तर हवे आहे. प्रत्येक रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या यादीसाठी एक जबाबदार समाजसेवा अधीक्षक नेमण्याचा आणि रिक्त पदे भरण्याचा शासन निर्णय केव्हा निघेल? शस्त्रक्रिया थांबवण्याच्या प्रत्येक आदेशातच ‘रुग्णांना ७ दिवसांत फोन’ ही अट घालता येईल का? आणि साथीच्या काळापासून आजवर ज्यांच्या नावापुढे ‘रुग्ण आला नाही’ असे लिहिले आहे, त्या नावांना एकदा फोन करण्याचे काम कोणत्या तारखेला सुरू होईल? यादीचा नऊ रकान्यांचा नमुना, फोनवरचे प्रश्न आणि आजारनिहाय धोक्याची लक्षणे आम्ही मराठीत तयार करून देऊ, आणि फोन करणाऱ्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षणही देऊ. आपण बोलवाल तिथे येऊ.

कळावे,

आपले,
शस्त्रक्रिया, भूलशास्त्र, मानसोपचार, परिचर्या आणि रुग्णालयीन समाजसेवा या क्षेत्रांत काम करणारे आम्ही